खिशातला खटक्याचा चाकू आणि पंचनाम्यातली एक ओळ

पत्र

मी पोलीस शिपाई आहे. नोकरीला चार वर्षं झाली. आमच्या ठाण्याची हद्द पुणे-सातारा महामार्गाला लागून आहे, त्यामुळे अपघात नेहमीचेच. गेल्या पावसाळ्यात एक गाडी उलटली. ड्रायव्हर सीटबेल्टमध्ये उलटा लटकला होता आणि बक्कल काही केल्या निघत नव्हतं. एका हाताने त्याचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने खिशातला चाकू काढला. बटण दाबलं की पातं बाहेर येतं असा चाकू, ऑनलाइन मागवलेला, पातं साडेतीन इंच. बेल्ट कापला, माणूस वाचला. तेव्हापासून ड्युटीवर तो चाकू माझ्याजवळच असतो. आमचे हवालदार म्हणाले होते, ‘हे हत्यार कायद्यात बसतं, लोकांसमोर काढू नकोस.’ मी मनावर घेतलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी नाकाबंदीत एका १९ वर्षांच्या मुलाच्या कमरेला जवळजवळ तसाच चाकू सापडला. झडती मीच घेतली. गुन्हा दाखल झाला. त्याची आई रात्री ठाण्याच्या पायरीवर बसून होती आणि माझ्या खिशातला चाकू मला टोचत होता. त्याला गुन्हा आणि मला काहीच नाही, हे कसं? मला हा चाकू कायद्याने चालतो का? अमेरिकेतले पोलीस सर्रास वापरतात असं व्हिडिओत दिसतं. आणि आता साहेबांना सांगायला गेलो तर मीच अडकेन का?

— एक पोलीस शिपाई

उत्तर

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ड्युटीवर असताना, ड्युटीच्या कामासाठी, वरिष्ठांच्या माहितीने आणि कागदावर नोंद असलेला चाकू पोलिसाला बाळगता येतो. तुमचा चाकू यातल्या पहिल्या दोन अटी पाळतो, पुढच्या दोन पाळत नाही. आणि तुम्हाला त्या रात्री जे टोचत होतं ते या पुढच्या दोन अटींपाशीच आहे.

हवालदारांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालचे आजचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्या पंगतीत चाकूही आहे, पण कोणता? ज्याचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे असा. त्यातूनही घरकाम, शेती, विज्ञान किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळलेली आहेत. शिवाय धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो कलम ४ खाली अधिसूचना काढलेल्या भागातच. तुमचं पातं साडेतीन इंच. मापाच्या या निकषात ते बसत नाही. पण पातं कसं उघडतं यावरूनही चाकूकडे बघता येतं. दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये काढलेल्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार (दात्यांवर अडकत उघडणारे) आणि बटणाचे चाकू नाव घेऊन आलेले आहेत, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. लांबीपुरतं बोलायचं तर तुमचं पातं तिथे अर्ध्या इंचाने पुढे जातं. म्हणून ‘ऑनलाइन मिळतो म्हणजे चालत असेल’ हा हिशेब कधीच करू नका. २०१८ मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंचा साठा तुमच्याच खात्याने पकडला होता. कुरियरने घरी आलं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

महाराष्ट्रात खटक्याच्या चाकूला अडवतो तो मुख्यतः दुसरा कायदा आणि तो तुम्हाला तोंडपाठ आहे. मपोका, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ३७ (१) सह १३५. आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात, त्यात दांडके, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. इथे इंच-सेंटिमीटर कोणी मोजत नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायाधीशांनी वेगळी कारणं लिहून दिली नाहीत तर किमान चार महिने. सण, निवडणुका, आंदोलनं धरली तर अनेक जिल्ह्यांत असा एखादा आदेश सारखा चालूच असतो.

आता तुमच्या बाजूचं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये काही गोष्टींना पूर्ण कायद्यातूनच सूट आहे. लोकसेवकाने लोकसेवक म्हणून आपलं कर्तव्य बजावताना शस्त्र बाळगणं ही त्यातली एक. पोलीस लोकसेवक आहे, यात वाद नाही. मनाई आदेशांतही शेवटी एक परिच्छेद असतो. तुम्ही तो नोटीस बोर्डावर शंभरदा पाहिला असेल आणि एकदाही वाचला नसेल. शासकीय सेवेतल्या ज्या व्यक्तींना वरिष्ठांच्या आदेशानुसार कर्तव्यासाठी हत्यार जवळ ठेवणं आवश्यक आहे त्यांना हा आदेश लागू नाही, अशा अर्थाची ती वाक्यं असतात. त्यातले ‘वरिष्ठांच्या आदेशानुसार’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. गणवेश घातला म्हणून ही सूट आपोआप मिळत नाही. कोणीतरी तुम्हाला ते काम आणि ते साधन दिलेलं असावं लागतं. पोलिसांना कोणती शस्त्रं, कोणती साधनसामग्री, किती द्यायची हे ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २३ ने वरिष्ठांकडे दिला आहे. तुमची लाठी, तुमची रायफल, कोतातून, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रागारातून, घेतलेली प्रत्येक गोळी कुठल्यातरी नोंदवहीत आहे. हा चाकू मात्र कुठेच नाही.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते, कारण व्हिडिओत कायदा दिसत नाही. तिथल्या केंद्राने १९५८ मध्ये खटक्याच्या चाकूंवर कायदा केला. तो मुख्यतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या व्यापाराला रोखतो. त्यात सूट कोणाला आहे, तर कर्तव्यावरच्या सैनिकांना, आणि ज्याला एकच हात आहे अशा माणसाला, तेही ३ इंचांपर्यंतच्या पात्यापुरती. पोलिसांचं नाव त्या यादीत नाही. चाकू जवळ बाळगायचा की नाही हे तिथे ज्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. टेक्सासने २०१३ मध्ये बंदी उठवली. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत, योग्य कारणाशिवाय असा चाकू जवळ ठेवणं गुन्हा आहे. पोलिसाला सूट आहे, पण कर्तव्यावर असताना किंवा कर्तव्याच्या ठिकाणी जाता-येता, आणि बाळगण्याची रीतसर परवानगी असेल तरच. म्हणजे तिथेही गाडी परवानगीच्या कागदावरच येऊन थांबते.

आता मुख्य गोष्ट. मी बरीच वर्षं सरकारी वकील म्हणून तालुक्याच्या कोर्टात उभी राहिले आहे. किरकोळ हत्यारांचे शेकडो खटले हाताखालून गेले. त्या अनुभवावरून तुम्हाला एकच विचारते: नाकाबंदीच्या त्या रात्री, मुलाची झडती घेण्याआधी, पंचांना तुमची अंगझडती दिली होती का?

पंचनाम्यात ती ओळ असतेच. ‘झडती घेणाऱ्या पोलिसांनी प्रथम आपली अंगझडती आम्हा पंचांना दिली, त्यात काहीही आक्षेपार्ह मिळून आले नाही.’ ती ओळ रिवाजाने लिहिली जाते, सवयीने लिहिली जाते, पुष्कळदा प्रत्यक्ष झडती न देताच लिहिली जाते. पण तिच्यामागचं कारण जुनं आणि पक्कं आहे. आरोपीच्या कमरेला सापडलेली वस्तू आमच्या हातून तिथे गेलेली नाही, हे सांगायचं असतं. ज्या पोलिसाने ही ओळ लिहिली त्याच्याच खिशात तशाच बनावटीचा, बिननोंदीचा चाकू असेल, तर ती ओळ खोटी ठरते. मग मुलाच्या चाकूचं काय झालं, तो खरंच त्याच्याकडे होता का, हे सगळं आपोआप संशयात येतं. तुम्ही काही वाईट केलेलं नसताना.

माझ्या एका खटल्यात हे घडलं. नाव-गाव सांगत नाही. आरोपीच्या वकिलाने हवालदाराला उलटतपासात सहज विचारलं, “तुम्ही स्वतः चाकू बाळगता का?” माणूस सरळ होता, ‘हो’ म्हणाला. पुढचा प्रश्न, “त्या दिवशी होता?” तो गप्प राहिला. पंच आधीच फितूर झाले होते, आता उरलेला एकमेव साक्षीदारही गेला. आरोपी सुटला. तो निर्दोष होता की नव्हता हे मला आजही ठाऊक नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त सलतं. खरं काय ते शोधण्याची संधीच कोर्टाला राहिली नाही.

म्हणून तुमच्या ‘त्याला गुन्हा आणि मला काहीच नाही, हे कसं’ या प्रश्नाला मी टाळणार नाही. कायद्याने तुम्हाला वेगळं ठेवलं आहे ते तुमच्यावर काम सोपवलंय म्हणून. त्या मुलाला कोणी काम सोपवलेलं नव्हतं. पण सोपवल्याचा कागद नसताना तुम्ही दोघे एकमेकांच्या फार जवळ उभे राहता, आणि पायरीवर बसलेल्या त्या आईला तो फरक दिसला नसता, तर तिचा दोष म्हणता आला नसता. तुम्हाला ते जाणवलं, ही तुमची चांगली बाजू आहे. ती नोकरीच्या पुढच्या तीस वर्षांत घासून जाऊ देऊ नका.

तुमचं काम खरं आहे, त्याला साधन लागतं, हेही तितकंच खरं. ते साधन बटणाचा चाकू असायलाच हवं का, हे बघू.

सीटबेल्टसाठी बाजारात बेल्ट-कटर मिळतो. हातात मावेल एवढा, पातं प्लॅस्टिकच्या आकड्याच्या आत लपलेलं, टोक नाहीच. बेल्ट आकड्यात अडकवायचा आणि ओढायचा. त्याच्याच मागच्या बाजूला काच फोडायचा टोकदार खिळा असतो. उलट्या गाडीत, अंधारात, पावसात, जखमी माणसाच्या गळ्यापासून चार बोटांवर तुम्ही उघडं टोक फिरवलंत. त्या दिवशी नीट झालं. गाडी थोडी हलली असती तर? आकड्याच्या कटरने माणसाला भोसकलं जात नाही, आणि वकिलालाही त्याला हत्यार ठरवणं कठीण जातं. एका हाताने वापरता येतो, बटणही लागत नाही.

महामार्गावरच्या ठाण्याला दुसरं काम असतं दोर कापण्याचं. गळफासाच्या घटनेत तुम्हीच पहिले पोहोचता. माणूस जिवंत असण्याची तसूभर शक्यता असेल तर काही विचार करू नका. एकाने पाय धरून शरीर वर उचलायचं, दुसऱ्याने दोर कापायचा. माणूस गेलेला असेल तर मात्र घाई नको. गाठ कापू नका, सोडूही नका. गाठीपासून दूर, तिच्या विरुद्ध बाजूला कापा, आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे मूळचं टोक कुठलं आणि आपण कापलेलं कुठलं हे कळतं. इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूच्या चौकशीत, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, ही गाठ फार बोलते. आत्महत्या की आणखी काही, याचं पहिलं उत्तर कधीकधी तिच्यातच असतं. घाईत खटक्याच्या चाकूने सपकन कापलेला दोर ते उत्तर पुसून टाकतो. यासाठी बोथट टोकाचा, करवती धारेचा साधा घडीचा चाकू पुरतो. पात्यावरच्या छोट्या गुटीने तो एका अंगठ्यानेही उघडतो, स्प्रिंग लागत नाही.

शिवाय स्प्रिंगचा चाकू खिशात असताना चुकून उघडू शकतो. पळताना, भिंतीवरून उडी मारताना, झटापटीत. धूळ आणि चिखल गेला की नेमक्या वेळी अडकतो. कैदी ने-आण करणाऱ्या पार्टीवर, लॉकअप गार्डला असताना तर तो जवळ ठेवूच नका. तिथे तुमचा चाकू दुसऱ्याच्या हातात जायला एक झटका पुरतो. आणि झटापटीत तो तुमच्या हातून कोणाला लागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ चा, म्हणजे धोकादायक साधनाने दुखापत केल्याचा प्रश्न उभा राहतो. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, पण खात्याने दिलेल्या लाठीचा हिशेब देणं आणि स्वतः विकत घेतलेल्या, नोंद नसलेल्या सुऱ्याचा हिशेब देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ड्युटी संपली की कलम ४५ ची छत्रीही मिटते, हेही लक्षात घ्या. मोटारसायकलवरून गावी जाताना, लग्नात, जत्रेत, विमानाच्या केबिनमध्ये तुम्ही एक साधे नागरिक. त्या वेळी चाकू खिशात असेल आणि जिल्ह्यात ३७ (१) चालू असेल, तर तुमच्यात आणि त्या मुलात कायद्याच्या लेखी काहीही वेगळं नाही.

आता सांगायला गेलात तर अडकाल का? न सांगता अडकण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तुमच्या पोलीस निरीक्षकांना दोन पानी नाही, अर्ध्या पानाचा अर्ज लिहा. अपघाताची तारीख आणि ठाणे दैनंदिनीतली त्या दिवशीची नोंद क्रमांकासह द्या. बेल्ट कापण्यासाठी स्वतःचा खटक्याचा चाकू वापरला, तो अमुक तारखेपासून जवळ होता, तो आता जमा करत आहे, असं स्पष्ट लिहा. नाकाबंदीच्या रात्री तो जवळ होता, हेही लिहा. हे वाक्य लिहिताना हात अडेल. तरी लिहा. अर्जाची पोहोच घ्या, आणि चाकू जमा केल्याची नोंद दैनंदिनीत करून घ्या. काहीही लपवलं नाही, मागाहून कोणी शोधून काढलेलं नाही, हे तुमच्या बाजूने राहील. विभागीय चौकशी होऊ शकते, ती होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण माणूस वाचवल्याच्या नोंदीसोबत आलेला अर्ज आणि उलटतपासात बाहेर आलेला चाकू यांकडे बघण्याची वरिष्ठांची नजर वेगळी असते.

त्याच अर्जात किंवा वेगळ्या अर्जात ठाण्याच्या गाडीसाठी बेल्ट-कटर आणि बोथट चाकू मागा. गाडीच्या साहित्याच्या यादीत त्यांची नोंद व्हावी, पाळी बदलताना ताबा देता-घेताना ते मोजले जावेत. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना अख्ख्या गाड्या मिळतात. चार कटर मिळायला हरकत नसावी. तुमच्या निरीक्षकांनी मनावर घेतलं तर महामार्गालगतच्या शेजारच्या ठाण्यांनाही मिळतील. हे मिळेपर्यंत वैयक्तिक कटर वापरायचा असेल तर तोही लेखी कळवून, मंजुरी घेऊनच.

राहिला त्या मुलाचा खटला. त्यात आता काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. कागदात फेरफार नाही, पंचांशी बोलणं नाही, त्या आईला जाऊन काही सांगणं नाही. मुद्देमाल सीलबंद असेल तर तसाच राहू द्या. पात्याची लांबी-रुंदी मोजून जप्ती पंचनाम्यात लिहिली होती का, खाका काढला होता का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रण झालं होतं का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. चित्रण असेल तर ते त्या मुलालाही उपयोगी आहे आणि तुम्हालाही, कारण चाकू कुठून निघाला हे त्यात दिसेल. तुमच्या चाकूची गोष्ट मात्र तपास अधिकाऱ्याला सांगाच, तोंडी नको, त्या अर्जाची प्रत देऊन. ती प्रत दोषारोपपत्रासोबत जावी की नाही हे ते आणि सरकारी वकील ठरवतील.

साक्षीला बोलावणं येईल तेव्हा वकिलाने विचारलंच, “त्या रात्री तुमच्या खिशात चाकू होता का?”, तर “होता” असं म्हणा, आणि अर्जाची तारीख सांगा.